मदत हवी आहे: हृदय कमकुवत झालेल्या बाबांना दोन काठ्या घेऊन चालवायचं आहे (येळ्ळूर, बेळगाव)

नमस्कार मंडळी,

आमचं गाव येळ्ळूर, तालुका बेळगाव. बाबांसाठी लिहितोय. वय ६४. उद्यमबागेत फाउंड्रीत मोल्डिंगवर आयुष्य गेलं, सायकलनं जायचे-यायचे. दीड वर्षापूर्वी हार्ट अटॅक आला. स्टेंट बसवला, पण तोवर हृदयाचा बराच स्नायू गेला होता. शेवटच्या इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) इजेक्शन फ्रॅक्शन (ईएफ) ३० आलंय. म्हणजे डाव्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी दर ठोक्याला ३० टक्केच बाहेर पडतं. निरोगी माणसात हा आकडा साधारण ५५ च्या वर असतो. बीटा ब्लॉकर (नाडी मंद ठेवणारी गोळी), लघवीची गोळी, बाकीची औषधं वेळेवर चालू आहेत. पायाची सूज उतरलीय. झोपायला तीन उशा लागायच्या, आता एक पुरते.

अडचण चालण्याची आहे. डिस्चार्जच्या वेळी "वॉकिंग करा, जास्त दमू नका" एवढंच सांगितलं. किती चालायचं, दमणं म्हणजे नेमकं कुठवर, हे विचारायला गेलो तर मागं रांग उभी. सूचनांचा कागद कानडीत, औषधांचं पत्र इंग्रजीत. बाबा कानडी बोलतात, फाउंड्रीतच शिकले, पण अक्षर ओळखत नाहीत. मी रात्री बसून तो कागद मराठीत उतरवला, मोठ्या अक्षरात, आणि देव्हाऱ्याशेजारी चिकटवला. व्यायामावर त्यात दोनच ओळी होत्या.

गेल्या दिवाळीनंतर एकदा ते कुणाला न सांगता राजहंसगडाच्या वाटेला लागले. पूर्वी गडावर सहज जाऊन यायचे. पहिल्याच चढाला छाती भरून आली, रस्त्याकडेच्या दगडावर बसले, आणि गावातल्या एका दूधवाल्यानं गाडीवर बसवून घरी आणलं. तेव्हापासून ते विजेचे खांब मोजत चालतात. घरापासून चौथा खांब आला की त्याला हात टेकून उभे राहतात आणि परत फिरतात. म्हटलं तर "चालूलालो न्हवं मी" म्हणतात. पण मी मागून जाऊन बघितलंय. चौथ्या खांबाजवळ त्यांना धाप लागलेलीच नसते. ते धाप लागायच्या आधीच थांबतात. ही भीती मला औषधानं जाईल असं वाटत नाही.

म्हणून शोधता शोधता नॉर्डिक वॉकिंग सापडलं. फिनलंडमध्ये बर्फावर स्की करणारे उन्हाळ्यात सरावासाठी काठ्या घेऊन चालायचे, त्यातून ही पद्धत आली, आणि १९९७ च्या सुमारास तिच्यासाठी खास काठ्या बाजारात आल्या. दोन्ही हातांत एकेक काठी, उजवा पाय पुढं तेव्हा डावी काठी टेकायची, आणि काठी मागं ढकलून पुढं जायचं. दंड, खांदे, पाठ सगळं कामाला लागतं. हार्ट फेल्युअरच्या, म्हणजे हृदय असं कमकुवत झालेल्या रुग्णांवरही याचा अभ्यास झालाय असं वाचलं आणि आशा वाटली.

घरच्या वेळूच्या दोन काठ्या कापल्या, टोकाला कुबडीचं रबर बसवलं. बाबा आधी तयारच होईनात. एक काठी घेतली तर म्हातारपण, दोन घेतल्या तर लोक काय म्हणतील! शेवटी आईनं समजावलं. अंगणात दोन फेऱ्या मारल्या, पण मुठी इतक्या आवळून धरल्या की बोटांची पेरं पांढरी पडली. मी तिथंच थांबवलं.

जाणकारांनी सांगावं: ईएफ ३० असताना हे सुरू करणं सुरक्षित आहे का? काठ्या कशा आणि किती लांब हव्यात? बीटा ब्लॉकरमुळे नाडी वाढतच नाही, मग किती जोर लावायचा ते कशावरून ठरवायचं? आणि बेळगाव, कोल्हापूर, मिरज या पट्ट्यात हृदयरोग्यांना देखरेखीखाली व्यायाम कुठं शिकवतात?

प्रतिसाद (कोल्हापूरहून)

दादा, मी फिजिओथेरपिस्ट आहे, हृदयरोग्यांसोबतच काम करते. अंगणात थांबवलंत ते बरोबर केलंत. मूठ आवळून ठेवली की रक्तदाब चढतो आणि दमलेल्या हृदयावर उगाच भार येतो. खऱ्या नॉर्डिक काठीला मनगटात अडकवायचा पट्टा असतो, हातमोजासारखा. जोर त्या पट्ट्यातून जातो. हात मागं गेला की मूठ उघडायची, पुढं आला की हलकेच मिटायची. वेळूच्या काठीला हे जमत नाही, आणि ट्रेकिंगच्या काठीचा साधा पट्टाही पूर्ण कामाचा नाही. काठी पुढं रोवायची नसते; तिचं टोक नेहमी तिरकं, मागच्या बाजूला. लांबीसाठी उंचीला ०.६८ नं गुणा. बाबा १६५ सेंटिमीटर असतील तर ११२ येतात, त्यांनी ११० ची घ्यावी. सुरुवातीला थोडी आखूड बरी. डांबरावर रबराचं टोक, मातीत लोखंडी.

आता तुमचा मुख्य प्रश्न. कॅनडात ऑटावाच्या हृदयरोग संस्थेत ५४ रुग्णांवर अभ्यास झाला, २०१३ मध्ये छापून आला. त्यांचं सरासरी ईएफ २७ च्या आसपास होतं, म्हणजे तुमच्या बाबांपेक्षाही कमी. १२ आठवड्यांनी सहा मिनिटांत चालायचं अंतर काठ्यांच्या गटात सरासरी १२५ मीटरनी वाढलं, काठ्यांशिवाय नेहमीचं हृदय-पुनर्वसन घेणाऱ्या गटात ५७ मीटरनी. उदासीची लक्षणंही काठीवाल्यांत कमी झाली. चौथ्या खांबाबद्दल वाचलं तेव्हा मला हेच आधी आठवलं.

पण एक गोष्ट नीट वाचा. पोलंडमध्ये १११ रुग्णांचा अभ्यास झाला, ईएफ ४० किंवा त्याखालचं. त्यांतल्या व्यायामाच्या गटाला ८ आठवडे, आठवड्यातून पाच वेळा, घरीच काठ्यांनी चालवलं. घरी म्हणजे एकट्यानं नव्हे. रोज चालण्याआधी ते फोनवरून तब्येत सांगायचे, ईसीजी पाठवायचे, तिकडून होकार आला की मगच चालायचे. आपल्याकडे ती सोय नसली तरी त्यामागचा विचार घेता येतो. आधी कार्डिओलॉजिस्टकडून ट्रेडमिलची किंवा निदान सहा मिनिटांची चाचणी करून लेखी परवानगी घ्या. पहिल्या काही वेळा फिजिओथेरपिस्टसमोर चालवा. बेळगावात केएलईचं फिजिओथेरपी कॉलेज आहे, तिथं चौकशी करा. फाइल, इको आणि तुमचा तो मराठी कागदसुद्धा सोबत न्या.

नाडीचं म्हणाल तर बीटा ब्लॉकरवर तिचा भरवसा धरू नका. चालताना पूर्ण वाक्य बोलता यायला हवं. बोलता बोलता मधेच श्वास तोडावा लागला तर वेग कमी. काठ्यांनी त्याच वेगात शरीराला साधारण पाचव्या हिश्शानं जास्त काम पडतं, आणि दमल्यासारखं मात्र तितकं वाटत नाही. हाच फायदा आहे आणि धोकाही हाच. म्हणून पहिले पंधरा दिवस वेग बाबांच्या नेहमीच्या चालीपेक्षा कमीच ठेवा. आधी दहा मिनिटं सावकाश, शेवटी दहा मिनिटं सावकाश, मधे पाच-सात मिनिटं काठ्यांनी. छातीत दुखलं, चक्कर आली, घाम फुटला तर तिथंच बसायचं. बाबांना पेसमेकर किंवा तसलं यंत्र बसवलं असेल तर खांद्याच्या हालचालीचं डॉक्टरांना वेगळं विचारा.

प्रतिसाद (खानापूरहून)

माझ्या आईचं ईएफ ३५ आहे, दोन वर्षं झाली. काठ्यांचं मला कळत नाही, पण वजनाचं सांगते. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी काट्यावर उभं करा आणि कॅलेंडरवर लिहा. तीन दिवसांत दोन किलोंच्या वर चढलं तर अंगात पाणी साठतंय. त्या दिवशी चालणं बंद, डॉक्टरला फोन. आमची दवाखान्याची एक खेप याच आकड्यानं वाचली. आणि थंडीत पहाटे बाहेर काढू नका. आमच्याकडे धुकं उतरेपर्यंत आईला मी दारात येऊ देत नाही. जेवल्या जेवल्याही चालवू नका.

धागाकर्ता

ताई, तुमचा प्रतिसाद मी बाबांना वाचून दाखवला, दोनदा. यंत्र बसवलेलं नाही. डॉक्टरांकडे परत गेलो, या वेळी प्रश्न कागदावर लिहून नेले, आणि त्यांनी वेळ दिला. सहा मिनिटांच्या चाचणीत बाबा २९० मीटर चालले. चौथा खांब घरापासून जेमतेम १५० मीटरवर आहे, मी मोजून आलो. हे ऐकून बाबा बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "म्हंजे सहाव्या खांबापर्यंत जायला हरकत न्हाई."

परवानगी मिळाली आहे. पुढच्या सोमवारपासून तीन वेळा फिजिओथेरपिस्टसमोर, मग टिळकवाडीत व्हॅक्सिन डेपोच्या झाडांखाली. तिथं माती आहे, चढ नाही, आणि बसायला जागा आहे. मी सोबत असेन, खिशात जिभेखाली ठेवायची गोळी. खानापूरच्या ताई, वजन कालपासून लिहायला घेतलंय.

आता दोन गोष्टी राहिल्या. ११० सेंटिमीटरच्या, पट्ट्याच्या काठ्या बेळगाव किंवा कोल्हापुरात दुकानात हातात घेऊन बघायला मिळतात का? ऑनलाइन मागवायच्या तर पट्टा बाबांच्या पंजाला बसेल की नाही कळत नाही, पंजा रुंद आहे. आणि मृग महिन्यावर आलाय. आमच्या भागात एकदा पाऊस लागला की चार-चार दिवस उघडीप नसते. तेव्हा घरातल्या घरात, १८ फुटांच्या सोप्यात, काठ्यांशिवाय काय करून घ्यावं?