शब्दांविना चित्रकादंबरी आणि ऊसतोडीची मुले

प्रश्न (शिक्षिका, बीड जिल्हा):
शॉन टॅन यांची २००६ सालची ‘द अरायव्हल’ ही शब्दविरहित चित्रकादंबरी आठवीच्या वर्गात दाखवण्याचा माझा विचार आहे. ती परक्या देशात गेलेल्या बापाची गोष्ट आहे. माझ्या वर्गातील कित्येक मुले मात्र दसरा-दिवाळीनंतर आईवडिलांसोबत ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जातात. त्यांना ती आपली वाटेल का?

उत्तर (निवृत्त मुख्याध्यापक, परभणी):
बाई, अवश्य दाखवा. नायक ज्या परक्या शहरात पोहोचतो, तिथली लिपीच चित्रकाराने कल्पनेतून घडवलेली असल्यामुळे नायकाप्रमाणे वाचकालाही तेथील एकही पाटी वाचता येत नाही, आणि वर्गातला हुशार व कच्चा विद्यार्थी एकाच पायरीवर येतात. वाचता न आल्याने नायक भित्तिपत्रके उलटी चिकटवतो, त्या पानावर भरपूर वेळ थांबा. कर्नाटकात कन्नड पाट्या पाहिलेली मुले तेथे आपोआप बोलू लागतील.

उत्तर (चित्रकला शिक्षक, लातूर):
एक फरक मात्र झाकू नये. कादंबरीतील बाप नव्या देशात स्थिरावतो आणि कुटुंबाला बोलावून घेतो. आपला कोयता, म्हणजे ऊस तोडणारे नवरा-बायकोचे जोडपे, मुकादमाची (मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराची) उचल, म्हणजे आगाऊ घेतलेली रक्कम, फेडण्यासाठी दरवर्षी जातो आणि परततो. शिवाय ‘तुझा अनुभव सांग’ असे भर वर्गात विचारू नका, पोरे संकोचतात. सुरुवातीला सामान बांधण्याची चित्रे आहेत. ती दाखवून प्रत्येकाला आपल्या बोचक्यातील वस्तू शब्दांविना काढायला सांगा.

शिक्षिका:
सर, बोचक्यापासूनच सुरुवात करते, तीही मुले गावाबाहेर पडण्यापूर्वी.