हरित तंत्रज्ञानात अडसर पेटंटचा की आणखी कशाचा?

तिरका_कोन: ‘पेटंटं मोकळी करा, हरित तंत्रज्ञान आपोआप पसरेल’ हे ऐकून कान किटले. एलएफपी बॅटरीचंच बघा, लोह-फॉस्फेटची, कोबाल्ट-निकेल नसलेली. नव्वदच्या दशकात टेक्सास विद्यापीठात शास्त्रज्ञ जॉन गुडइनफ यांच्या गटाने शोधली. मुख्य पेटंटं २०२२ च्या सुमारास संपली. म्हणजे रान मोकळं! तरी आपल्या गाड्यांतले बहुतेक सेल आयातच. पेटंटच्या नावाने गळा काढणं सोपं, कारखाना उभा करणं अवघड.

पवनपुत्र_सातारा: अर्धीच गोष्ट सांगताय राव. चिनी कंपन्यांना मायदेशात विकण्यापुरतं पेटंटचं शुल्क भरावं लागत नव्हतं, हे कुठे गेलं? त्या सवलतीतच त्यांचा हात बसला. बाकीचे पेटंट संपायची वाट बघत राहिले. पवनचक्क्यांतही तेच. १९९६ मध्ये केनेटेक या अमेरिकन पवनचक्की कंपनीने एका पेटंटच्या जोरावर जर्मन एनरकॉनवर अमेरिकेत आयातबंदी आणली. केनेटेक त्याच वर्षी दिवाळखोरीत गेली. पेटंट मात्र हात बदलत जीई या बड्या अमेरिकन कंपनीकडे पोचलं. चक्की बनवणारा बुडाला तरी कागद अडवायला जिवंतच.

तिरका_कोन: मग एनरकॉनचाच भारतातला अध्याय वाचा. इथल्या भागीदारांशी बिनसलं, चेन्नईच्या बौद्धिक संपदा अपील मंडळाने संस्थापक वोबेन यांची डझनभर पेटंटं रद्द केली, भांडण २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. इथल्या कंपनीने पुढे ‘विंड वर्ल्ड’ नाव घेतलं आणि २०१८ मध्ये तीही दिवाळखोरी प्रक्रियेत. पेटंटं उडाली, मिळालं काय?
आणि एलएफपीचं मर्म भट्टीत आहे. कणांवर कार्बनचा पातळ थर द्यायचा, ऑक्सिजन लागू न देता भाजायचं. किती वेळ, किती आच, हे पेटंटात मोघमच असतं. चीनने जुलै २०२५ मध्ये निर्यातबंधन घातलं ते या कॅथोडच्या, म्हणजे बॅटरीच्या धन टोकाच्या, कृतीवर. पेटंट संपल्यावर!

कलम_नऊ: ट्रेडमार्कचं कोणी बोलतच नाही. ‘इको’, ‘ग्रीन’ असले निव्वळ वर्णन करणारे शब्द ट्रेडमार्क कायद्याच्या कलम ९ खाली अडतात, म्हणून मंडळी हिरवं पान काढून मोकळी होतात. ऑक्टोबर २०२४ पासून ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची नियमावली आहे: हरित दावा केलात तर पुरावा द्या. पानाला पुरावा कोण मागणार?

पवनपुत्र_सातारा: पानाचं राहू द्या. तिरकेसाहेब, भट्टीची आच शिकायला आधी भट्टी पेटवावी लागते. ती पेटवायची परवानगी चीनला आधीच मिळाली, आपल्याला नाही. माझा मुद्दा एवढाच.

तिरका_कोन: परवाना विकत मिळत होता. आपल्याकडून घ्यायला कोण गेलं होतं?