सिकलसेलचे जनुक केव्हाच सापडले. आता पैसा संशोधनावर खर्च व्हावा की उपचारांवर?

धानपट्ट्यातला वाचक (चर्चाप्रस्ताव)

जीनोमइंडिया प्रकल्पाने दहा हजारांहून अधिक भारतीयांच्या जनुकसंचाची माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांसाठी खुली केली. त्यानंतर आमच्या भागातील शिकलीसवरलेली मंडळीसुद्धा ‘आता सिकलसेलचे मूळ सापडेल’ असे म्हणू लागली आहेत. मूळ सापडायचे राहिलेलेच नाही, हे त्यांना सांगावेसे वाटते. या आनुवंशिक रक्तविकारातला दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे, असे रसायनशास्त्रज्ञ लायनस पाउलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये दाखवले. पुढे व्हर्नन इनग्रॅम यांनी तो नेमका कोठे आहे तेही दाखवले: हिमोग्लोबिनच्या बीटा नावाच्या प्रथिन-साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल हे अमिनो आम्ल असायला हवे, तेथे व्हॅलिन हे दुसरे येते. एवढ्या फरकाने प्राणवायू सोडलेले हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून दोरखंडासारखे लांबते, तांबडी पेशी विळ्याच्या आकाराची होते आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकते.

हे १९५७ साली कळले. आजही गडचिरोली-चंद्रपूरकडे रोवणीच्या दिवसांत गार चिखलात दिवसभर उभी राहिलेली एसएस पॅटर्नची (आई-वडील दोघांकडूनही सदोष जनुक आलेली) बाई रात्री हातपाय ठणकून विव्हळते आणि घरातले तिला वाताचे तेल चोळतात. म्हणून माझे म्हणणे असे की पुढची काही वर्षे या आजारावरचा सरकारी पैसा आधी तपासणी, हायड्रॉक्सियुरिया या औषधाच्या कॅप्सूल आणि रक्तपेढ्या यांवर खर्च व्हावा. जनुकांच्या संशोधनाने त्यामागे रांगेत उभे राहावे.

निवृत्त विज्ञान शिक्षक, भंडारा जिल्हा

आपली तळमळ मान्य आहे, परंतु युक्तिवादाचा पाया मान्य नाही. एक जनुक बिघडले की एक आजार होतो, एवढ्यावर आपण थांबलात. एकाच घरातील दोन एसएस भावंडांपैकी एकाला महिन्याआड सलाइन लागते आणि दुसरा शेतीची कामे करतो, असे आपल्या भागात दिसते. बीटा साखळीतला दोष दोघांतही तोच आहे, मग हा फरक कोठून येतो?

याचा धागा १९४८ पर्यंत मागे जातो. नवजात बाळांमध्ये हा आजार जवळजवळ दिसत नाही, हे जॅनेट वॉटसन या बालरोगतज्ज्ञ बाईंनी तेव्हा हेरले. बाळाच्या रक्तात गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन भरपूर असते आणि ते विकृत रेणूंना चिकटू देत नाही. सुमारे सहा महिन्यांत ते ओसरते आणि दुखणे डोके वर काढते. काही लोकांत मात्र ते मोठेपणीही टिकून राहते. ते का टिकते, याचे उत्तर २००८ च्या सुमारास अनेक माणसांचे जनुकसंच ताडून पाहताना हाती लागले. इटलीच्या सार्डिनिया बेटावरच्या लोकांचाही त्यात वाटा होता. बीसीएल११ए नावाचे प्रथिन गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन बनवणारे जनुक बंद करते, असे त्यातून स्पष्ट झाले. ते प्रथिन बनवणारे जनुक क्रमांक दोनच्या गुणसूत्रावर आहे, म्हणजे अकराव्या गुणसूत्रावरील बीटा साखळीच्या जनुकापासून पार वेगळ्या ठिकाणी. अशी पाहणी झाली नसती तर तेथे कोणी शोधायलाही गेले नसते. रक्तपेशींत या जनुकाचे काम थांबवणारा कॅसगेवी हा उपचार २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत मंजूर झाला.

राहता राहिले हायड्रॉक्सियुरिया. तेही मुख्यतः गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन वाढवूनच काम करते. म्हणजे ज्या कॅप्सूलसाठी आपण संशोधनाला रांगेत मागे उभे करता, ती कॅप्सूल त्याच समजुतीवर उभी आहे.

आरोग्य सेविका

आपण दोघेही वरच्या मजल्यावर बोलत आहात. उपकेंद्रात आम्ही सिकलसेलची विद्राव्यता चाचणी करतो, म्हणजे रक्ताचा थेंब द्रावणात मिसळून ते गढूळ होते का ते पाहतो. नळीमागे धरलेल्या कागदावरच्या काळ्या रेघा दिसेनाशा झाल्या की नमुना सदोष धरतो. पण माणूस एएस वाहक (एकच जनुक सदोष असलेला) आहे की एसएस रुग्ण, हे त्या गढूळ नळीवरून कळत नाही. त्यासाठी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी प्रयोगशाळेतली इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणी करावी लागते आणि अहवाल येईपर्यंत तो मजुरीला दुसऱ्या जिल्ह्यात गेलेला असतो. कॅप्सूल मिळाली तरी ती घेताना पांढऱ्या पेशींची संख्या वरचेवर तपासावी लागते. एसटीचे भाडे आणि बुडालेला रोज यांचा हिशेब करून माणसे दुखणे थांबले की गोळीही थांबवतात.

वर्ध्याहून, मुलीची आई

१ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत २०४७ पर्यंत सिकलसेलच्या निर्मूलनाचे उद्दिष्ट ठेवले आहे आणि लग्नाआधी दोघांची सिकलसेल तपासणीची कार्डे जुळवून पाहावीत असा आग्रह आहे. दोन्ही पालक एएस असतील तर प्रत्येक गरोदरपणात एसएस मूल होण्याची शक्यता २५ टक्के असते, हे गणित मला पटते. मात्र एएस माणूस आजारी नसतो आणि त्याचा जोडीदार एए (दोन्ही जनुके निर्दोष) असेल तर त्यांच्या मुलांना एसएस होत नाही, एवढी साधी गोष्टही पाहुण्यांपुढे कोणी ऐकून घेत नाही. आमच्या मुलीचे जुळत आलेले लग्न कार्ड पाहून मोडले. मुलाची तपासणी झालेलीच नव्हती आणि ती करावी असे त्याच्या घरी कोणालाही वाटले नाही. तपासणी वाढवा असे म्हणणाऱ्यांनी समुपदेशनाचा खर्चही त्यातच धरावा.

धानपट्ट्यातला वाचक

शिक्षक महोदयांनी बीसीएल११ए चा जो दाखला दिला तो मी नाकारत नाही. पण त्या उपचाराची अमेरिकेतील किंमत २२ लाख डॉलर आहे, त्याआधी रुग्णाची अस्थिमज्जा औषधांनी रिकामी करावी लागते आणि कित्येक आठवडे निर्जंतुक खोलीत ठेवावे लागते. ज्या तालुक्यात रक्ताच्या एका पिशवीसाठी जिल्ह्याला धावावे लागते, तेथे हे केव्हा पोहोचणार? शिवाय नमुने आमच्या माडिया, गोंड, परधान वस्त्यांतून जातात आणि परत काहीच येत नाही. ज्याचे रक्त घेतले त्याला त्याचा पॅटर्न त्याच्या भाषेत समजावून सांगितल्याशिवाय कोणत्याही प्रकल्पाला नमुने देऊ नयेत, असे मी आमच्या ग्रामसभेत मांडणार आहे.

निवृत्त विज्ञान शिक्षक, भंडारा जिल्हा

अहवाल परत देण्याची अट ग्रामसभेने जरूर घालावी, त्याला माझा पाठिंबा आहे. नमुनेच न देण्याला मात्र विरोध राहील. सार्डिनियाच्या लोकांनी रक्त दिले म्हणून त्यांच्यातले बदल कळले. भारतातील रुग्णांमध्ये गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन आफ्रिकी वंशाच्या रुग्णांपेक्षा सहसा जास्त आढळते, तरीही विदर्भात गंभीर रुग्ण पुष्कळ आहेत. याचा उलगडा सार्डिनियाच्या रक्तातून होणार नाही.

आरोग्य सेविका

मग ग्रामसभेच्या ठरावात अहवाल किती दिवसांत यावा आणि तो गोंडीत कोण समजावणार, हेही लिहा. ते लिहिले नाही तर ते काम न सांगता आमच्याच अंगावर पडते.