मदत हवी आहे : ओटीपोटाच्या तळाचं मॉडेल (नौपाडा, ठाणे)

नमस्कार. आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये मी सकाळी बायकांचा योगवर्ग घेते. बहुतेकजणी पन्नाशीच्या पुढच्या. शिंक आली की लघवीचे थेंब जातात, हे त्या माझ्या कानात सांगतात, डॉक्टरांना नाही. मला फार वाईट वाटतं. मूलबंध (ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आत-वर ओढणं) करा म्हटलं की सगळ्या पोटच आत ओढतात, म्हणून स्नायू दाखवायला पुठ्ठ्याचा कटिबंध, म्हणजे कमरेच्या हाडांचा सांगाडा, केलाय.

स्नायूंना इलॅस्टिक, लिगामेंटना (हाडाला हाड बांधणाऱ्या पट्ट्यांना) परकराची नाडी, कारण ती ताणत नाही. त्रिकास्थीपासून (कण्याच्या तळाच्या हाडापासून) बसायच्या हाडापर्यंत सॅक्रोट्यूबरस लिगामेंट. तिच्या आतल्या बाजूने इस्कियल स्पाइनच्या (बसायच्या हाडाच्या वरच्या अणकुचीच्या) टोकाला सॅक्रोस्पायनस लिगामेंट. दोन्ही नाड्या बांधल्या आणि मागे दोन भोकं आपोआप तयार झाली! वरच्या मोठ्यातून पायरिफॉर्मिस बाहेर पडतो, खालच्या लहानातून ऑब्च्युरेटर इंटर्नस; दोन्ही मांडीच्या हाडाकडे जाणारे स्नायू.

अडलंय ते झोळीपाशी, म्हणजे ओटीपोटाचा तळ तोलून धरणाऱ्या स्नायूपाशी, लिव्हेटर अ‍ॅनायपाशी. पुढे जघनास्थी, मागे माकडहाड, हे ठीक. पण बाजूला ती हाडाला नाही, ऑब्च्युरेटर इंटर्नसवरच्या आवरणाच्या जाड पट्टीला धरलेली असते. तिथे इलॅस्टिक कशाला शिवू? आणि तिचाच एक भाग, प्युबोरेक्टॅलिस, गुदमार्गामागून वळून परत पुढे येतो, तो फास वेगळा कसा दाखवू?

कुणी फिजिओथेरपिस्ट किंवा विद्यार्थी एखाद्या शनिवारी अर्धा तास येऊ शकेल का? स्त्री असेल तर बायका मोकळेपणाने विचारतील. खरं मॉडेल एका दिवसासाठी मिळालं तरी जपून परत करेन.