हर-टू पॉझिटिव्ह स्तनाचा कॅन्सर : वर्षभर अठरा डोस, की सहा महिन्यांत नऊवर थांबायचं?

इस्लामपूरकर :
वहिनीच्या स्तनातली कॅन्सरची गाठ हर-टू ३+ निघाली, म्हणजे पेशींवर हर-टू हे प्रथिन फार जास्त. ऑपरेशन, केमो झालं. आता दर तीन आठवड्यांनी ट्रास्टुझुमॅब, हर-टूला अडवणारं औषध. इंजेक्शन कोल्हापुरात होलसेलवाल्याकडून घ्यायचं, थर्मासात बर्फ घालून दवाखान्यात पोचवायचं. एसटी लेट झाली की माझा जीव थर्मासात. नऊ डोस झाले. माझं मत, इथेच थांबावं. ब्रिटनच्या पर्सेफनी चाचणीत चार हजारांवर बायका होत्या, निकाल २०१९ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. चार वर्षांनी आजार न उलटता जगणाऱ्या : सहा महिनेवाल्या ८९.४ टक्के, वर्षवाल्या ८९.८. एवढ्यासाठी आणखी नऊ डोस?

मृण्मयी_७४ :
आकडे बरोबर, गोष्ट अर्धी. फ्रान्समध्येही हीच तुलना झाली, तिथे सहा महिने वर्षाच्या तोडीचे आहेत हे सिद्ध झालं नाही. म्हणून डॉक्टर अजून वर्षच सांगतात. मी २०१७ला अठरा पूर्ण केले. शेवटच्या तिन्हींसाठी पाटल्या मोडल्या. आज विचाराल तर पुन्हा मोडेन.

इस्लामपूरकर :
ताई, पाटल्या नसतील त्यांनी काय मोडायचं? २०१४पासून भारतीय बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधासारखंच बनवलेलं दुसऱ्या कंपनीचं औषध, मिळतंय, भाव उतरला, तरी आमच्यासारख्याला जडच. आणि 'वर्ष' हे काय वेदवाक्य आहे? हेरा चाचणीत दोन वर्षं देऊन पाहिली, जास्तीचा फायदा शून्य. कमी देऊन बघायची कंपनीला कशाला घाई? पर्सेफनीचा पैसासुद्धा ब्रिटनच्या सरकारी निधीतून आला.

बाराखडी :
हृदयाचं कुणीच बोलत नाही! हे औषध पेशीवरच्या ज्या हर-टूला चिकटतं, तेच प्रथिन हृदयाच्या स्नायूलाही गरजेचं असतं. माझ्या मावशीचा ईएफ, म्हणजे हृदय दर ठोक्याला किती टक्के रक्त बाहेर ढकलतं तो आकडा, इकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) ६२वरून ४८वर आला, जिना चढताना धाप. औषध थांबवलं, चार महिन्यांत सावरलं. तिला कुणी 'कोर्स अर्धा सोडलास' म्हणालं तर मी भांडते.

मृण्मयी_७४ :
मावशींचं थांबवणं वेगळं, ते डॉक्टरांनी इको बघून थांबवलं. इथे इको व्यवस्थित असताना दीर हिशेब करून थांबवतायत. इस्लामपूरकर, वहिनींच्या काखेतल्या लसिका गाठींत आजार पसरला होता का? किती गाठींत?

इस्लामपूरकर :
चार.

मृण्मयी_७४ :
अहो, मग पर्सेफनीवर कसे विसंबता? तिथल्या निम्म्याहून जास्त बायकांच्या काखेत काहीच नव्हतं, म्हणजे जोखीम कमी. तुमचे ०.४ टक्के बहुतेक त्यांचे. आणि वहिनींना विचारलंत का?

इस्लामपूरकर :
नाही विचारलं. आत्ता विचारलं. म्हणाल्या, "भावजी, थर्मास घासून ठेवलाय."
कमी जोखमीच्या बाईला सहा महिने पुरावेत, हे मत माझं कायम आहे. दहावा डोस मंगळवारी.