ड्वेमर गायब झाले, बरंच झालं. आता चिडा.

तांबडाडोंगर
काल एकाने लिहिलं की एल्डर स्क्रोल्स या व्हिडिओ गेम मालिकेत ड्वेमर (जमिनीखाली यंत्रांची शहरं बांधणारे एल्फ) हीच एक शहाणी जमात होती, देवांपुढे न वाकणारी, विज्ञाननिष्ठ, आणि नेमकं त्यासाठीच त्यांना संपवलं गेलं, तर पुढच्या गेममध्ये त्यांना सन्मानाने परत आणा. खाली वाहवा वाहवा. डोक्यातच गेलं, म्हणून वेगळा धागा काढतोय.

शहाणे कसले डोंबलाचे? नॉर्ड माणसांनी कत्तल चालवली तेव्हा ते बर्फातले एल्फ जीव मुठीत धरून यांच्या दारात आले. यांनी आसरा दिला, पण अट काय, तर आधी ही विषारी अळंबी खा, आंधळे व्हा, मग आत या. पुढे पिढ्यानपिढ्या गुलामी. आज स्कायरिम या गेममध्ये भिंतीतल्या बिळातून सरपटत बाहेर येऊन कानाने तुमचा माग काढणारे फाल्मर आहेत ना, ते या विज्ञाननिष्ठांचंच काम. आणि देव न मानणारे म्हणे! यांचा मुख्य कारागीर कॅग्रेनॅक, त्याला लाल डोंगराखाली लोरखान या देवाचं हृदय सापडलं तर पठ्ठ्या त्यावर चालणारा स्वतःचा पितळी देव, न्यूमिडियम, बनवायला निघाला. याला देव न मानणं म्हणत नाहीत, दुकान बदलणं म्हणतात.

संपवलं गेलं म्हणे. कोणी? पहिल्या युगाच्या 700 साली शेजारच्या शायमर एल्फांशी लढाई हरायला आले, यांच्याच कॅग्रेनॅकने यांचीच हत्यारं त्या हृदयावर चालवली आणि अख्खी जमात एका झटक्यात गायब. आपल्या हाताने गेले.

विझलेलीमशाल
"आपल्या हाताने" वाचून हसावं की रडावं कळेना. रोर्केन या ड्वेमर कुळाचं काय मग? शायमरांशी युती नको म्हणून ते आधीच वेगळे होऊन हॅमरफेलला निघून गेले होते. ना हृदयाशी देणंघेणं ना त्या युद्धाशी. तेही गेले. हजारो मैलांवर कोणी पाइप जोडत असेल, कोणी पोरांना झोपवत असेल, तेही गेले. एका माणसाच्या करणीसाठी सगळ्या जमातीला शिव्या द्यायच्या तर मग बोलणंच खुंटलं.

याग्रम बगार्नशी बोलला आहात का कधी? मॉरोविंड या आधीच्या गेममधला, जिवंत सापडणारा एकमेव ड्वेमर. त्या वेळी तो दुसऱ्याच मितीत होता म्हणून वाचला, परत आला तर कोणीच नाही. आपल्या लोकांना शोधत शोधत टॅमरिएल खंडभर फिरला, आता कॉर्प्रस रोगाने फुगून डिव्हेथ फिर या जादूगाराच्या तळघरात यांत्रिक कोळ्याच्या पायांवर बसलाय. स्वतः कॅग्रेनॅकच्या हाताखालचा कारागीर, आणि काय झालं ते त्यालाही सांगता येत नाही. मी त्याच्याशी बोलल्यावर मेन क्वेस्ट (मुख्य कामगिरी) सोडून नुसता अवशेष फिरत राहिलो होतो. बरंच झालं म्हणणाऱ्याने एकदा त्याच्या समोर उभं राहून म्हणावं.

तांबडाडोंगर
मशालभाऊ, रडवू नका. मी कॅग्रेनॅकलाच धरतोय. रोर्केन गेले याचा अर्थ हाच ना की त्याने कोणालाही न विचारता सगळ्यांचा जीव पणाला लावला? मग "देवांनी शहाण्यांना मारलं" हे गाणं बंद करा. आणि याग्रम ज्याच्या हाताखाली होता तो काय करतोय हे इतक्या मोठ्या कारागिराला ठाऊकच नव्हतं? बरं.

वजनमर्यादा
तुमचं तत्त्वज्ञान चालू द्या, ड्वेमरांवर माझा राग वेगळाच आहे. त्यांचं भंगार! पहिल्यांदा खेळताना तो जाडजूड सॉलिड मेटल उचलत बसलो, वजन 25, भट्टीत घातला की पाच इनगॉट (धातूच्या विटा). आणि ते वाकडं पत्र्यासारखं तुकडं वजन 2, त्याचे तीन! हे कोणी सांगायचं? अर्धं अवशेष पालथं घालून मुंगीच्या पावलाने बाहेर पडलोय. कॉग (दातेरी चाकं) तर वितळतच नाहीत, फक्त त्या विंटरहोल्ड कॉलेजच्या अर्निएल या जादूगाराला दहा द्यायचे म्हणून सांभाळायचे.

जुनाखेळाडू
अर्निएलचं नाव निघालंच आहे तर बोलतो. ड्वेमर गायब कसे झाले ते तो पुन्हा करून बघतो, तो क्वेस्ट म्हणजे स्कायरिमने केलेली सगळ्यात मोठी माती. 2002 च्या मॉरोविंडमध्ये कीनिंग हा कॅग्रेनॅकचा सुरा रेथगार्ड हा खास हातमोजा न घालता हातात घेतलं तर हेल्थ भराभर उतरून मरायचो आपण. देवाच्या हृदयावर चालवायचं हत्यार, त्याचा वचक होता. 2011 च्या स्कायरिममध्ये तेच कीनिंग एका प्रेताशेजारी पडलेलं, उचला, खिशात टाका, कोळी मारा. शोभेचा सुरा करून टाकला त्याचा.

शिलालेख
मॉरोविंडच्या शेवटी तुम्हीच ते हृदय नष्ट करता, विसरलात का? मूळच गेलं तर हत्यारात जोर कुठून उरणार. स्कायरिम त्यानंतर दोनशे वर्षांनी आहे. यात माती कसली?

जुनाखेळाडू
मग अर्निएल गायब कसा झाला?? जोर उरलाच नाही तर सोल जेमवर (आत्मा साठवायचा खडा) दोन-चार वार करून माणूस नाहीसा होतो कसा? एक काय ते ठरवा.

शिलालेख
तो जेम साधा नव्हता, मुद्दाम बिघडवून घेतलेला होता, तुम्हालाच पाठवतो की ते करायला. हृदयाच्या जागी तो जेम. म्हणजे हृदय लोरखानचंच पाहिजे असं नाही, कीनिंगने योग्य वस्तूवर वार झाला की पुरे. उलट हा क्वेस्ट मला फार आवडतो, गायब कसे झाले ते स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं.

जुनाखेळाडू
काय दिसतं? एक माणूस गेला आणि त्याची सावली मंत्राने तुम्हाला बोलावता येते. ड्वेमर मेले, की कुठे गेले, की न्यूमिडियमची कातडी झाले, यातलं काय कळलं? शून्य. स्कायरिमच्या पिढीला पडद्यावरचा बाण दाखवेल तिकडे जायची सवय, डोकं चालवायला लावलं की "फार आवडतो".

शिलालेख
पिढीवर घसरलात म्हणजे मुद्दे संपले. मी मॉरोविंडही खेळलोय, "नदी ओलांडून डावीकडे" वाचत रात्रभर चुकलोय, त्यात काही थोर वाटलं नाही. आणि सावलीचं म्हणाल तर ती मला महत्त्वाचीच वाटते. काहीतरी मागे उरतं. न्यूमिडियमवाल्या तर्काला थोडा आधारच आहे तो, सगळे मिळून त्या पितळी देवात शिरले असतील तर.

विझलेलीमशाल
धागा ड्वेमरांचा होता, सुऱ्याचा नव्हे. तांबडे, फाल्मरांबद्दल एक सांगा. मॉरोविंडमध्ये या आंधळ्या गुलामांचा मागमूस नाही. स्कायरिमला गुहेत भरायला राक्षस हवे होते म्हणून ही गोष्ट नंतर चिकटवली. त्यावरून तुम्ही अख्ख्या जमातीला फासावर देताय.

तांबडाडोंगर
नंतर चिकटवली म्हणून खोटी? मग निम्मं लोअर (या जगाचा इतिहास) फेकून द्या. स्कायरिमच्या डॉनगार्ड या पुरवणीतला गेलेबोर, न बदललेला बर्फाचा एल्फ, तो स्वतःच्या तोंडाने सौदा सांगतो. आणि एथेरियम या खनिजासाठी चार ड्वेमर शहरं आपसात लढून रक्तबंबाळ झाली ते कोणी चिकटवलं? ही तुमची शहाणी जमात.

विझलेलीमशाल
बरं बाबा, फाल्मरांच्या बाबतीत पापी होते, घ्या, लिहून देतो. पण गुलाम ठेवणारे, खनिजासाठी भांडणारे म्हणून नाहीसे व्हायचे तर डनमर एल्फही गेले पाहिजेत, नॉर्डही, इंपीरियलही. टॅमरिएलमध्ये उरेल कोण, खेकडे?

वजनमर्यादा
खेकड्यांचं वजन किती असतं?

तांबडाडोंगर
डनमर बाकीच्यांच्या तोंडावर शहाणपणा मारत नाहीत, म्हणून त्यांच्यावर धागा काढला नाही. रोर्केनांचं मात्र खटकतंय मला, तेवढं मानतो. पण परत आणायचेच असतील तर फक्त रोर्केन आणा, आणि आल्या आल्या त्यांना फाल्मरांच्या ब्लॅकरीच गुहेत सोडा. फाल्मरांना काय उत्तर देतात ते ऐकायचंय मला.

जुनाखेळाडू
आणि त्यांच्या हातात कीनिंग द्या. रेथगार्डशिवाय.