अनुभव धागा: कोंबड्यांना आंबवलेलं खाद्य घालता का?

परसातल्या कोंबड्यांना दाणा आंबवून घालणाऱ्यांनी इथं लिहा. फसलेलं आधी लिहा, जमलेलं नंतर.

माझ्याकडे सात गावरान आणि एक कोंबडा. सुका भरडा टाकला की पायांनी उकरून निम्मा मातीत. वैतागून आंबवायला लागले. दोन वाट्या ज्वारी-बाजरी, वाटीभर मक्याचा भरडा, मूठभर शेंगदाणा पेंड, सगळं लोणच्याच्या जुन्या चिनी बरणीत. दाण्यावर दोन बोटं पाणी उभं राहिलं पाहिजे. नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवून वापरते, क्लोरीनने आंबणं रखडतं. रोज ढवळायचं. दुसऱ्या दिवशी बुडबुडे, तिसऱ्या दिवशी आंबिलीसारखा वास, की झालं. निथळून घालते; उरलेलं आंबट पाणी पुढच्या घाण्याला विरजण.
(सातारा)

ताई, हे आमच्या म्हशीचं आंबोणच (भिजवलेलं खाद्य) की! फक्त जास्त दिवस ठेवलेलं.
(सांगोला)

माझं फसलेलं. श्रावणात तांदळाची कणी आणि कोंडा भिजवला. दोन दिवस मुंबईला गेलो, तेवढ्यात कणीने पाणी पिऊन दाणा उघडा पडला. वर हिरवट-काळी लव. मी शहाणपणा करून वरचा थर काढला आणि खालचं घातलं. दुसऱ्या दिवशी दोन कोंबड्या पंख पाडून कोपऱ्यात. आजी म्हणाली, "तू खाल्लं असतंस का ते?" वाचल्या, पण तेव्हापासून नियम एकच: पातळ पांढरा पापुद्रा आला तर काढून टाकतो, केसाळ बुरशी दिसली तर अख्खी बादली खड्ड्यात. बुरशीचं विष खालच्या दाण्यातही उतरलेलं असू शकतं.
(रत्नागिरी)

वर्ध्याला मे महिन्यात तीन दिवस कुठले! चोवीस तासांत तयार होतं, छत्तीस तासांत ओकारीसारखा वास मारतं. आता रोजच्यापुरतंच भिजवतो आणि बरणी माठाखालच्या ओल्या वाळूत ठेवतो. सकाळी सातला घालतो, दहापर्यंत उरलेलं उचलतो, नाहीतर माशा.

आंबवलेल्या खाद्याने अंडी वाढली असं बरेच जण म्हणतात, त्यांना एक विचारू? मीही महिनाभर तेच सांगत फिरत होतो. मग लक्षात आलं, माझ्या चार तलंगा (तरुण कोंबड्या) नेमक्या त्याच महिन्यात अंड्यावर आल्या होत्या. खाद्य कमी लागतं हे मात्र खरं, कारण सांडत नाही आणि भिजून फुगतं. खुराड्यातला वासही उतरला. शिंपल्यांचा चुरा बरणीत घालू नका, चुन्याने आंबटपणा मारला जातो. तो वेगळ्या वाटीत ठेवा, ज्या कोंबडीला हवा ती खाते.
(बारामती)

पत्र्याच्या डब्यात कोणी करत असेल तर थांबवा. आंबट पाण्याने माझ्या डब्याचं जस्त सुटलं. प्लास्टिकची बादली बरी.

पुण्यात गच्चीवर तीन कोंबड्या आहेत. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी वासावरून दोनदा बोलून दाखवलंय. घट्ट झाकण लावलं तर चालेल का?

अजिबात नको! फडकं बांधा. आत वायू धरतो. मी एकदा काचेच्या बरणीला फिरकीचं झाकण आवळून ठेवलं होतं. उघडताना जे उडालं, ती ज्वारी अजून स्वयंपाकघराच्या छताला चिकटलेली आहे.
(सातारा)